सहाव्या नळीचं ऊन

"उजेड! अहो, उजेड आला! बंद करा, आधी बंद करा ते!"

सबनीस सर किंचाळले आणि मी हातातला हातोडा टाकून ताडपत्रीच्या फटीकडे झेपावले. फटीतून एक डोकं आत आलं होतं. डोक्यावर पदर, पदरावर चुंबळ, आणि आम्ही दोघं आत काय उद्योग करतोय ते बघायची चेहऱ्यावर दांडगी हौस.

"च्या आणलाय," डोकं म्हणालं.

"बाहेर ठेवा! उजेड लागला तर सगळ्याची माती होईल!"

"मातीच हाय की ती," डोकं म्हणालं आणि निघून गेलं.

हे डोकं चांगुणामावशींचं. खडकसांगवीचे सरपंच रंगनाथनाना आभाळे यांच्या त्या मंडळी. आमचा मुक्काम त्यांच्याच घरी होता, त्यामुळे दिवसातून चारदा चहा आणि चाळीसदा चौकशी हे ठरलेलं. बाहेर चैत्राचं ऊन, आत प्रवरेच्या काठची दरड, वर दुहेरी ताडपत्री आणि उजेडाला म्हणून लाल कागदात गुंडाळलेली एक बॅटरी. माझ्या हनुवटीवरून घामाची धार लागली होती आणि सर माझ्याकडे बघून म्हणत होते, "देशमाने, नळी सरळ जाऊ द्या. तुमच्यासारखी तिरकी नको."

मी तिरकीच आहे. अजूनही आहे. पण त्या दिवशी नळ्या सरळ ठोकल्या, कारण माझी सगळी पीएचडी त्या सहा पोलादी नळ्यांत भरायची होती.

त्या दरडीत गोट्यांचा आणि वाळूचा एक थर होता आणि त्या थरात आदिमानवाची दगडी हत्यारं होती. सरांना तीस वर्षांपूर्वी तिथे एक हातकुऱ्हाड सापडली. तळहाताएवढी, बदामाच्या आकाराची, देखणी. त्या दिवसापासून सर त्या कुऱ्हाडीवर जगत होते. तिचं वय चार लाख वर्षं, असं त्यांनी तिच्या ठेवणीवरून ठरवून टाकलं होतं. पुस्तकात चार लाख, भाषणात चार लाख, सरांच्या घरच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीखाली चार लाख. मी मात्र त्याच थरात बसून तीन उन्हाळे खरवडलं होतं आणि मला दगडाचे बारीक, नाजूक छिलके सापडले होते. आधी दगड नीट घडवून घ्यायचा आणि मग हवा तसा छिलका एका घावात काढायचा, ही पुढच्या काळातल्या माणसाची अक्कल. माझ्या मते तो थर चार लाखांचा असणं शक्यच नव्हतं. एकदा मी हे सरांना बोलले. सर दुसऱ्या दिवसापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत, आणि बोलले ते एवढंच, "देशमाने, तुम्हाला पीएचडी करायची आहे ना?"

करायची होती. विद्यापीठाने दिलेली शेवटची मुदतवाढ चालू होती आणि प्रबंधावर सरांची सही लागणार होती. मग मी म्हटलं, सर, तुम्ही म्हणता चार लाख, मी म्हणते कमी, वाळूलाच विचारू या. सरांना त्यात धोका दिसला नाही. वाळू आपल्याच बाजूने बोलणार याची त्यांना खात्री होती.

वाळूला विचारायची रीत अशी. वाळूचा कण जमिनीत गाडला गेला की आजूबाजूच्या मातीतले अदृश्य किरण त्याच्यात थेंबथेंब साठत राहतात, गळक्या नळाखालच्या रांजणात पाणी साठावं तसे. आणि कणाला ऊन लागलं की रांजण रिकामा. प्रयोगशाळेतलं यंत्र रांजण किती भरलाय ते मोजतं आणि सांगतं, या वाळूने शेवटचं ऊन कधी बघितलं. हत्यारं त्याच वाळूबरोबर गाडली गेली, म्हणून तेच त्यांचं वय. अट एकच, दरडीतून काढल्यापासून यंत्रात जाईपर्यंत वाळूला उजेडाचं बोटही लागता कामा नये; चालतो तो फक्त मंद लाल.

म्हणून ही ताडपत्री आणि हा घाम. सहा नळ्या ठोकल्या, काढल्या, तोंडं बंद केली, चंदेरी कागदात गुंडाळल्या, वर काळं कापड शिवलं आणि लोखंडी पेटीत गोधडी घालून त्यात निजवल्या.

"बाळंतिणीगत जपताय," मावशी म्हणाल्या.

"त्याहून जास्त," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. जीप एकच, आणि सरांनी ती हत्यारांनी भरली. पुण्यात पत्रकारांना बोलावलं होतं, टेबलावर कुऱ्हाडी मांडायच्या होत्या.

"सर, दगड राहू द्या, नळ्या नेऊ," मी म्हटलं.

"देशमाने, लोकांना नळ्या बघायच्या नसतात. जीप आठवड्याने परत येईल, तेव्हा पेटी थेट प्रयोगशाळेत जाईल."

पेटी मावशींच्या कोठीच्या खोलीत ठेवली. तिथे खिडकी नव्हती. सरांनी मावशींना समोर उभं केलं आणि वर्गात शिकवतात त्या आवाजात सांगितलं, "वहिनी, दोनच गोष्टी. उजेड लागता कामा नये आणि ओल लागता कामा नये. या खोलीत दिवा लावायचा नाही. बॅटरी मारायची नाही. ओल तर अजिबात नाही."

"दिवा नाय, बॅटरी नाय, ओल नाय," मावशींनी घोकलं. "निर्धास्त जावा, सायेब."

आम्ही निर्धास्त गेलो. सरांचे फोटो छापून आले. एका पेपराने मथळा दिला, 'चार लाख वर्षांपूर्वीचा माणूस खडकसांगवीचा!' वाळूला विचारायच्या आधीच तिचं उत्तर छापून आलं होतं. मी सरांना तसं म्हटलं, तर म्हणाले, "उत्तर माहीत असलं की प्रश्न विचारायला भीती वाटत नाही." ठरल्याप्रमाणे पेटी प्रयोगशाळेत पोचली आणि आमचा नंबर लागायला दिवाळी उजाडली.

प्रयोगशाळेतल्या कुरियन यांचा फोन आला तेव्हा सर आणि मी विभागातच होतो. कुरियन मोजकं बोलणारे. मोडक्या मराठीत म्हणाले, "पाच नळ्यांचं वय शून्य."

"शून्य म्हणजे?"

"म्हणजे ही वाळू याच उन्हाळ्यात ऊन खाऊन आली आहे. तुमच्या आदिमानवाने हत्यारं यंदा मार्चमध्ये केली असावीत."

मी विचारलं, "आणि सहावी?"

"सहावी पासष्ट हजार. स्वच्छ आकडा, मला आवडला. चार लाखांची असती तर कण तुडुंब भरले असते, यंत्राने हात टेकले असते. तसं काही नाही. पण पाच जणी असं बोलतात आणि एक तसं, तर मी काय लिहू? तिकडे काही घडलं का, ते आधी शोधा. ही एकटी उघडलेली नाही असं कळलं तर मी सही करतो. नाहीतर सगळ्या बाद."

मी फोन ठेवला आणि सरांना सांगितलं. पासष्ट हजार म्हणताना माझा आवाज जरा वर गेला असेल, नाही म्हणत नाही. माझं खरं ठरत होतं आणि ते ठरताठरताच हातातून निसटतही होतं.

"यंत्र बिघडलंय," सर म्हणाले.

"यंत्राने बाकी सगळ्यांच्या नमुन्यांची वयं नीट दिलीत, सर."

"मग कुरियन बिघडलाय. चला खडकसांगवीला. नव्या नळ्या ठोकू."

गेलो. आणि दरडीसमोर उभे राहिलो तर दरडच नव्हती.

म्हणजे होती, सिमेंटच्या आत. वरपासून खालपर्यंत दगडी पिचिंग, त्यावर गुळगुळीत गिलावा, त्यावर आकाशी रंग. समोर फुलझाडांच्या कुंड्या, कमान, आणि कमानीवर 'आदिमानव उद्यान, खडकसांगवी. वय वर्षे चार लाख.' गिलाव्यावर वाघाचं कातडं नेसलेला आदिमानव रंगवला होता. त्याला झुपकेदार मिशा होत्या आणि तो हुबेहूब रंगनाथनानांसारखा दिसत होता.

"पेपरात आलं अन् आमदारांनी निधी दिला," नाना म्हणाले. त्यांची छाती भरून आली होती. "सायेब, आता दरडीचा एक खडा बी हलणार नाय. शंभर वर्षं बघायला नको!"

सरांनी त्या मिशा जवळ जाऊन बघितल्या. मग म्हणाले, "छान. फार छान केलंत." त्यांना ते म्हणावंच लागलं, कारण कमानीच्या दुसऱ्या बाजूला त्यांचंही नाव होतं.

नव्या नळ्यांचा विषय संपला. आता जे काही होतं ते त्या सहा नळ्यांतच होतं.

घरी ओट्यावर बसलो. आम्ही आलो म्हणून भावकीतल्या चार बायकाही येऊन टेकल्या होत्या. मावशींनी चहा आणला, तळलेल्या कुरडया आणल्या. सरांनी कपाला तोंड न लावताच विचारलं, "वहिनी, आम्ही गेल्यावर त्या नळ्यांना काही झालं होतं का?"

"काय बी नाय. तुमी सांगितल्यावानी जपल्या. दिवा लावला नाय, बॅटरी मारली नाय."

"ओल?"

"ओलीचं तेवढं झालं व्हतं," मावशी म्हणाल्या. "नळाला पाणी आलं. कोठीतल्या पिंपात पाइप सोडला अन् मी गेले शेजारी कुरडया घालायला. तिकडं चीक घेरताना ध्यानातच राहिलं नाय. येऊन बघते तं कोठीत घोट्याएवढं पाणी अन् पेटी त्यात! अगं बया, म्हणलं, सायेब जाताना दोन गोष्टी सांगून गेले अन् त्यातली एक आपण घालवली."

"मग?"

"मग काय! सोडल्या. धुतलेल्या लुगड्यावर अंगणात पसरली वाळू अन् मस्त ऊन दाखवलं. येगळाले ढीग केले बरं का, चिठ्ठी बी ज्याची त्याच्यावर ठिवली, वर खडा ठिवला. कडकडीत वाळली अन् मंग भरली माघारी. कापड सुदीक शिवलं. तुमच्या पोरीपरास बारीक टाका घातलाय, बघा."

नानांनी आणखी एक कुरडई मोडली.

"ऊन?" सर म्हणाले.

"मग? वली भरू व्हय?"

"अहो, पण मी सांगितलं होतं ना, घसा फोडून सांगितलं होतं, उजेड लावायचा नाही म्हणून!"

"कुठं लावला उजेड?" मावशीही आता पेटल्या. "कोठीत अंधारात चाचपडत सोडल्या. पाटीत घातल्या, वर दुसरी पाटी झाकली, तवा भायेर आणल्या. उजेड निराळा, ऊन निराळं. उजेड दिव्याचा अन् बॅटरीचा असतो. ऊन द्येवाचं असतं. उनानं कुठं काय बिघडतं का? लोणचं बिघडत नाय, डाळ बिघडत नाय, अन् तुमची माती बिघडती?"

मला आधी हसू फुटलं आणि त्याच दमात रडू आलं. तीन उन्हाळे, ती ताडपत्री, तो घाम, सगळं एका लुगड्यावर वाळत पडलेलं मला दिसलं. मी उठून आत स्वयंपाकघरात गेले आणि चुलीपाशी तोंड वळवून बसले.

मावशी मागोमाग आल्या. "कालिंदे, अगं रडतीस का? माझं काय चुकलं का?"

त्यांच्यावर चिडावं म्हटलं तरी चिडता येईना. मी त्यांना रांजणाचं सांगितलं, पाच रांजण रिकामे निघाले ते सांगितलं. "आणि एकच भरलेला निघाला, मावशी. पासष्ट हजार वर्षांचा. तो कसा राहिला तेवढं कळलं असतं ना, तर मी तरले असते."

मावशींचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी दार लोटलं, कडी घातली आणि माझ्या कानाशी आल्या.

"ती राहिली व्हती," त्या कुजबुजल्या.

"काय?"

"सहावी. पाण्यातून पेटी वढताना कलंडली तवा एक घरंगळली कणगीमागं. मला काय दिसली नाय. वाळवण झालं, समदं झालं अन् तुमची जीप दारात आली तवा घावली. आता डायवर उभा, काय करू? तशीच कोंबली. सोडली बी नाय अन् ऊन बी दाखवलं नाय." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "पर हे कुनाला बोलू नगंस. तुला गळ्याची आन हाय. भावकीतल्या बाया भायेरच बसल्यात. उद्या म्हणतील, चांगुणानं पाच वाळवल्या अन् एक वलीच भरली. माझं नाव हाय गं या गावात."

मी "नाही सांगणार" म्हणाले. आण घातल्यावर काय म्हणणार? माझ्या मनासारखं उत्तर मला मिळालं होतं आणि ते मला कडी घातलेल्या स्वयंपाकघराबाहेर नेता येत नव्हतं.

बाहेर आले तर ओट्यावरची हवा बदललेली. सर हसत होते. चहा संपवून दुसऱ्या कुरडईला हात घातला होता. मी इतकी वर्षं त्यांना ओळखत होते. एवढे खूश दिसले की काहीतरी घोटाळा असायचाच.

"बसा, देशमाने. वहिनींनी आपला सगळा गुंता सोडवला. नमुने दूषित झाले. यात कुणाचा दोष नाही, खेडेगाव आहे, व्हायचंच. वहिनी, ऊन सगळ्याच नळ्यांना दाखवलंत ना? सहाच्या सहा?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मग भावकीकडे बघितलं.

"समद्या," त्या म्हणाल्या. "मी काय काम आर्दं टाकते व्हय?"

"झालं तर! देशमाने, प्रबंधात लिहा, सहाही नमुने बाद. सबब हत्यारांच्या ठेवणीवरून थराचा काळ चार लाख वर्षे. सोमवारी आणा, मी सही करतो. जून उजाडायच्या आत तुम्ही डॉक्टर."

इतकं सोपं. मी नुसती मान हलवायची होती. आणि खरं सांगते, डोळ्यांपुढे नावामागचा तो 'डॉ.' नाचूनही गेला. पण त्या थरातले छिलके मी माझ्या हाताने काढले होते. कुणीतरी बसून, डोकं लढवून, एका घावात काढलेले ते छिलके सरांच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीसाठी खोटे पाडायचे? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण गळ्याची आण. मावशींनी सांगितलेलं मला सांगता येत नव्हतं. मग मी फक्त सरांनाच बोलतं केलं.

"सर, एक अडचण आहे. ऊन लागलं असतं तर सहावीही शून्य आली असती. ती पासष्ट हजार आली. कुरियन विचारतील."

"त्यात काय!" सर म्हणाले. त्यांना समजावून सांगायला फार आवडायचं आणि समोर ओटाभर श्रोते होते. "सहावीला ऊन अर्धवट लागलं. मूळ चार लाखांचा भरलेला रांजण. थोडं ऊन लागलं, बराचसा रिकामा झाला, तळाशी पासष्ट हजार उरले. सरळ आहे."

"अर्धवट कसं लागेल?"

"ढीग जाड राहिला असेल. वर-खाली केला नसेल. वरचे कण वाळले, खालचे तसेच. घाईघाईत होतं असं. घरच्या बायकांचं काम, ते किती नेटकं असणार?"

मी मान वळवली. "मावशी, ऐकलंत का? सर म्हणतात, तुमचं वाळवण अर्धवट राहिलं."

मावशी चहाचे कप गोळा करत होत्या. त्यांनी कप खाली ठेवले.

"कुनाचं?"

"तुमचं. सहावी नीट वाळवली नाही म्हणतात. वर-खाली केली नाही म्हणे."

"माझं वाळवण?" मावशींनी पदर खोचला. "माझं वाळवण अर्दवट? अवो सायेब, या पंचक्रोशीत कुनाच्या पोरीचं रुखवत असू द्या, कुरडया घालायला कुनी का जाईना, वाळवायला मला बलवत्यात! ही समोर बसलीय माझी जाऊ, इचारा हिला. माझ्या हातची कुरडई तेलात टाकली अन् फुलली नाय, असं कधी झालं? आता खाल्ल्या ना दोन? मऊ लागल्या?"

"वहिनी, तसं नाही, मी शास्त्राच्या दृष्टीने..."

"शास्त्र गेलं वड्याला! मी हात लावला तं कडकडीत वाळवते, न्हाईतर हातच लावत नाय. पाचला हात लावला, बघा बरं, निघाली का त्यात काय ओल? शून्य निघालं ना? शून्य म्हंजी शून्य! अन् सहावीला म्या हातच लावला नाय! कणगीमागं घरंगळली व्हती. तुमची जीप दारात आली तवा घावली, तुमच्याच टाक्यानं शिवलेली. तशीच कोंबली पेटीत. घ्या! राहिली माझ्याकडून, एक राहिली. काय नाव ठिवायचं ते ठिवा. पर अर्दवट म्हणायचं काम नाय!"

बोलून झाल्यावर त्यांना आपण काय बोललो ते कळलं असावं. त्या लालबुंद झाल्या आणि कप तिथेच टाकून आत गेल्या. जाऊबाईंनी शेजारणीकडे बघून भुवया उडवल्या.

सरांच्या हातात कुरडई तशीच होती. रागावतील असं मला वाटलं, पण ते म्हातारे दिसायला लागले. तीस वर्षं सांभाळलेली कुऱ्हाड कुणीतरी हातातून काढून घ्यावी तसा त्यांचा हात खाली आला. मी जिंकले होते आणि मला त्यांची दया येत होती. त्या क्षणी तरी खरंच येत होती.

नाना मात्र वेगळ्याच काळजीत होते. "म्हंजी सायेब," त्यांनी घसा खाकरून विचारलं, "आता गावाचं वय किती धरायचं?"

परतीच्या वाटेवर संगमनेर लागलं. तिथे एस.टी. स्टँडपाशी जीप थांबली तेव्हा सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "देशमाने, त्या छिलक्यांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहा. सविस्तर लिहा." तेवढंच. सही त्यांनी केली. कुरियननेही केली. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, ही एकच नळी ऊन न लागलेली, हे तुम्ही कशावरून म्हणता? मी म्हटलं, ज्यांनी बाकीच्या पाचांना ऊन लावलं त्यांच्या स्वाभिमानावरून. परीक्षक हसले. त्यांना तो विनोद वाटला.

पुढे सर निवृत्त झाले तेव्हाच्या समारंभात मी पहिल्या रांगेत बसले होते. सर माइकवरून सांगत होते, "पासष्ट हजार हा आकडा आला तेव्हा अनेकांना धक्का बसला. मला बसला नाही. त्या थराबद्दल मला पहिल्यापासूनच शंका होती." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. एवढ्या सफाईचं काम बघून टाळी आपोआप वाजते.

खडकसांगवीची कमान अजून आहे आणि तिच्यावर अजून चार लाखच आहेत. नाना म्हणाले, एकदा छापून आलेलं वय गाव कमी करत नाही. मिशांना दर दोन वर्षांनी रंग देतात.

मावशींनी मात्र दोन वर्षं माझ्याशी अबोला धरला. मी बोलले नव्हते, त्यांनाच बोलायला लावलं, हे त्यांना बरोबर कळलं होतं. तिसऱ्या वर्षी चैत्रात त्यांचा निरोप आला, 'कुरडया झाल्यात, येऊन घेऊन जा.' मी गेले. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, जेवायला वाढलं, आणि मी हात धुतल्यावर हळूच विचारलं, "ती राहिलेली कुठंय गं?"

"कोण राहिलेली?"

"सहावी."

कुरियनने उरलेली वाळू काळ्या पुडीत बांधून मला परत पाठवली होती. ती माझ्या कपाटात होती. आता तिचा काही उपयोग नव्हता, पण टाकवत नव्हती.

"घेऊन ये," मावशी म्हणाल्या. "जिवाला लागून राहिलंय. भावकी अजून बोलती."

मी पुढच्या आठवड्यात ती पुडी घेऊन पुन्हा गेले. मावशींनी अंगणात धुतलेलं लुगडं अंथरलं, चारी कोपऱ्यांवर खडे ठेवले. मला म्हणाल्या, सोड. मी पुडी सोडली आणि मूठभर वाळू लुगड्यावर पडली. करडी, बारीक, साधी वाळू. तिने याआधी ऊन बघितलं तेव्हा त्या काठावर कुणीतरी दगड फोडत बसलं होतं. पासष्ट हजार वर्षं माझ्यासमोर जात होती आणि दिसत काहीच नव्हतं.

मावशींनी बोटांनी वाळू पातळ पसरली, पदराने कपाळ पुसलं आणि जाऊबाईंच्या दाराकडे बघून मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या, "आता कुनी यावं अन् बघावं."

मग माझ्याकडे वळल्या.

"अशी बघत काय बसलीस? वर-खाली कर. न्हाईतर अर्दवट राहील."